येसूर, डालडा आणि मसाल्याची पुडी

धाराशिव आणि औसा यांच्यामधल्या ज्वारी-तुरीच्या पट्ट्यातील बेंबळीसारख्या गावांत दुकानातून तयार माल आणून तो घरच्या स्वयंपाकात मिसळणे ही दूरचित्रवाणीच्या जाहिरातींनी लावलेली अलीकडची सवय आहे, असा समज सर्रास आढळतो. तो पूर्णपणे खोटा नाही; पण त्यात दोन गोष्टी निसटतात. तयार करून ठेवलेल्या जिन्नसावर ऐनवेळचा स्वयंपाक उरकणे ही कल्पना मराठवाड्याच्या चुलीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, आणि आज जे पदार्थ अस्सल जुने म्हणून कौतुकाने वाढले जातात त्यांतले काही कारखान्यातून आलेल्या मालावरच उभे आहेत. म्हणून या बदलाचा इतिहास पुडीपासून सुरू न करता पुडी ज्या जागी येऊन बसली त्या जागेपासून सुरू करणे योग्य ठरते.

ती जागा येसुराची होती. येसूर म्हणजे ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्ये आणि धने, जिरे, मिरी, लवंग, दगडफूल, सुके खोबरे असा मसाला निरनिराळा भाजून, एकत्र दळून केलेले तपकिरी, खमंग पीठ. घराघराचे प्रमाण वेगळे. कुठे धान्य अधिक, कुठे मसाला. फोडणी करून पाणी ओतावे, त्याला उकळी येऊ लागली की थंड पाण्यात कालवलेला येसूर सोडावा आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहावे, म्हणजे थोड्याच वेळात दाट, तवंग आलेली आमटी तयार होते; वाटण नको, की डाळ शिजण्याची वाट पाहणे नको. लग्नघरात येसूर आधी करून ठेवण्याची रीत पडली तिच्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे, कारण शेकडो माणसांच्या पंगतीसाठी ऐनवेळी पाट्यावर वाटण वाटत बसणे शक्यच नसते. आजच्या कंपन्या ज्याला ‘मिक्स’ म्हणतात त्याची सगळी लक्षणे येसुरात आहेत: कोरडेपणा, टिकाऊपणा, नेमके प्रमाण आणि ‘फक्त पाणी घाला’ ही सोय. काळा मसाला, मेतकूट, सांडगे, कुरडया, शेवया ही उन्हाळ्यात करून ठेवायची वाळवणे व साठवणे याच घराण्यातली. फरक इतकाच की ती करणारे हात घरातलेच होते आणि जाते, उखळ व पाटा यांवर गेलेल्या त्यांच्या तासांचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही.

शिवाय हा घरचा मसालाही पूर्णतः घरचा कधी नव्हता. दगडफूल, लवंग, दालचिनी, खोबरे यांपैकी काहीही बेंबळीच्या शिवारात पिकत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामी राज्यात होता आणि जवळची मोठी बाजारपेठ असलेली बार्शी मात्र इंग्रजी अमलात. त्यामुळे सीमा ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे संस्थानचे सीमाशुल्क, भरावे लागे आणि अलीकडे निजामाचा हाली सिक्का तर पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया असा दुहेरी व्यवहार चाले. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकी या मार्गाने लातूरला पोहोचली. या गाडीने तूर, कापूस, तेलबिया बाहेर गेल्या आणि परतीच्या फेरीत साखर, चहा, राॅकेल, खोबरे, मसाल्याचे पदार्थ आले. स्थानकापासून खेड्यापर्यंतचा पुढचा प्रवास बैलगाडीचा असे. दुकानदाराच्या वजनकाट्यावरून घरात येणारा माल अजून कच्चा होता. त्यावर संस्कार घरीच होत.

याला पहिला ठळक अपवाद साबुदाण्याचा, आणि तो अपवाद आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. साबुदाणा हे धान्य नव्हे. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या कसावा या झुडपाचे कंद किसून, त्यातले पिष्ट धुऊन काढून, त्याचे गोळे वळून, तव्यावर भाजून आणि वाळवून तो बनवतात, म्हणजे व्याख्येनेच तो कारखान्यातला प्रक्रिया केलेला माल आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो मलाया-सिंगापूरकडून येई. युद्धाने ती आयात तुटली तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे त्याचे उत्पादन सुरू झाले आणि आजही महाराष्ट्राच्या एकादश्या प्रामुख्याने सेलमच्या मालावर पार पडतात. ज्या जिल्ह्यात तुळजाभवानीचे नवरात्र कडक पाळले जाते, उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही याचे काटेकोर नियम घरोघर पाठ असतात, तिथे हा परदेशी कंदाचा, परप्रांतीय कारखान्याचा पदार्थ बिनतक्रार पवित्र ठरला. त्याच्या खिचडीत पडणारे शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हीसुद्धा अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत. धर्मशास्त्राने ज्याचे नावही घेतले नव्हते ते निषिद्धांच्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, अशी याची उपपत्ती लावता येते. पण त्याहून साधे कारण असे की साबुदाणा भिजत घातला की काम झाले, आणि उपवासाच्या दिवशीही घरातल्या बाईची इतर कामे चुकत नव्हती.

वनस्पती तुपाच्या वाट्याला असे सहज स्वागत आले नाही. वनस्पती तूप म्हणजे शेंगदाण्यासारख्या तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळवून ते थिजवलेले, रवाळ आणि दिसायला तुपासारखे केलेले स्निग्ध द्रव्य. प्रारंभी ते हॉलंडमधून येई. लीव्हर कंपनीच्या हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आणले. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड हे त्याचे चित्र अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही ओळखता येई, आणि पाहता पाहता हे एका कंपनीचे नाव सगळ्याच वनस्पती तुपाचे नाव होऊन बसले. पुढे लातुरात सहकारी तत्त्वावर वनस्पती तुपाचा कारखाना निघाला तेव्हा त्यालाही लोक ‘डालडा फॅक्टरी’च म्हणत राहिले. शेंगदाण्याच्या या पट्ट्यातून बाहेर गेलेले तेल थिजून, डब्यात बंद होऊन, अधिक दराने त्याच पट्ट्यात परत येऊ लागले, हा या प्रकरणाचा आर्थिक गाभा आहे.

वनस्पतीवरचा आक्षेप दुहेरी होता. गांधीजींनी १९४० च्या दशकात त्याच्यावर कठोर टीका केली ती मुख्यतः फसवणुकीच्या अंगाने, कारण ते तुपात बेमालूम मिसळता येत होते. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत गेली. त्याला वेगळा रंग द्यावा, म्हणजे भेसळ उघडी पडेल, अशीही सूचना होती, परंतु तापवल्यावर टिकेल आणि आरोग्याला बाधणार नाही असा रंग हाती लागला नाही. शेवटी सरकारने निराळा तोडगा काढला आणि प्रत्येक वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले. तिळाच्या तेलातील एका घटकाची तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराॅल यांच्याशी गाठ पडली की मिश्रण गुलाबी-तांबडे होते. त्यामुळे संशयित तुपाचा नमुना परीक्षानळीत हलवून पाहिला की त्यात वनस्पती आहे की नाही हे कळे. ज्या तेलाच्या घाण्याला यंत्रयुगाने मोडीत काढले त्यातलेच एक तेल यंत्रयुगाच्या मालावर पहारा ठेवण्यासाठी नेमले गेले, यात थोडी गंमत आहेच.

खेड्यातल्या घरांनी मात्र या वादाचा निकाल आपल्यापुरता कधीच लावला होता. देवापुढचे निरांजन, नैवेद्याचा वरणभात आणि बाळंतिणीचे लाडू घरच्या तुपाचे. पंगतीची बुंदी, शंकरपाळे आणि बालुशाही डालड्याची. शुद्ध-अशुद्ध अशी सरधोपट विभागणी न करता पदार्थ कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी होतो त्यावर स्निग्धाची निवड ठरली. पुढच्या प्रत्येक तयार मालाच्या बाबतीत हीच रीत लागू झालेली दिसते, म्हणून तिची नोंद महत्त्वाची. रिकामा डबा तर डालड्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या घरातही धान्य-डाळीसाठी फळीवर विराजमान झाला.

बाजारावर न जगणाऱ्या घरांनाही बाजाराच्या धान्यावर आणून सोडले ते १९७२ च्या दुष्काळाने. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा तेव्हाच्या अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. कणग्या रिकाम्या झाल्या आणि खडी फोडणे, नाले बांधणे, पाझर तलाव खोदणे या कामांवर गावेच्या गावे गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. रेशनच्या दुकानातून अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळू लागली. मिलो ही ज्वारीचीच परदेशी बहीण, पण तिकडे मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवली जाणारी. तिचे पीठ तांबूस, चवीला तुरट, आणि शाळू ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी गळ्याखाली उतरवणे जड गेले. कामावर सुकडीही वाटली जाई. सुकडी म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठात गोडवा घालून केलेले, शिजवण्याची गरज नसलेले कोरडे पौष्टिक खाद्य. येसुराचे तत्त्व आणि सुकडीचे तत्त्व एकच आहे. पहिले घरातल्या भरल्या कणगीतून आले आणि दुसरे सरकारी पोत्यातून, एवढ्यानेच दोहोंच्या आठवणीत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. मराठवाड्यात मिलो आणि सुकडी हे शब्द आजही दुष्काळाला समानार्थी म्हणून उच्चारले जातात.

या दुष्काळाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यामुळे बाईच्या हाती स्वतःच्या नावाची रोख मजुरी येण्याची वाट रुळली. दुसरी गोष्ट अशी की दिवसभर कामावर राबलेल्या बाईला उन्हाळ्यातले महिनाभराचे साठवणीचे काम परवडेनासे झाले. तयार मालाला खेड्यात गिऱ्हाईक मिळाले ते या दोहोंच्या सांध्यावर. शहरी मध्यमवर्गाच्या संदर्भात ‘नोकरी करणारी गृहिणी’ ही कारणमीमांसा नेहमी पुढे केली जाते. पण जिल्ह्याच्या या भागात खुरपणीला आणि खडीवर जाणारी बाई हीच कामकरी गृहिणी होती, आणि छोटी पुडी तिच्याच मजुरीच्या मापाने कापलेली होती.

मसाल्याचा तयार माल महाराष्ट्रात तोवर जुना झाला होता. मुंबईत गिरगावात १९१० मध्ये किराणा दुकान म्हणून सुरू झालेल्या बेडेकरांनी पुढच्या दशकभरात मसाले आणि लोणची विकायला प्रारंभ केला होता. पुण्यात १९६२ मध्ये हुकमीचंद आणि कमलाबाई चोरडिया या दांपत्याने मसाल्याचा व्यवसाय उभारला, त्यातून प्रवीण मसालेवाले हे नाव आणि ‘अंबारी’चा कांदा-लसूण मसाला घराघरांत गेला. तरीही खेड्यात मसाल्याची पुडी एका उडीत पोहोचली नाही. मधली पायरी कांडप यंत्राची होती. आधी पिठाच्या गिरणीने जाते थांबवले होते, मग मिरची कांडणाऱ्या यंत्राने उखळ थांबवले. मसाला निवडणे, वाळवणे आणि तेलावर परतणे घरी, पण कुटणे बाहेर, अशी वाटणी झाली. ज्या घराने कांडण बाहेर दिले त्याला पुढे भाजणेही बाहेर देताना फारसा संकोच वाटला नाही. श्रमाची एकेक पायरी बाजाराकडे सरकत गेली, आणि पुडी ही त्यातली शेवटची पायरी होती.

पुडीने चवीचा नकाशाही हलवला. कांदा-लसूण मसाला हा मूळचा सातारा-कोल्हापूर-सांगलीकडचा, तर धाराशिव-बार्शीकडचा जीव काळ्या मसाल्यावर. पुडीच्या वाटेने पश्चिम महाराष्ट्राची चव पूर्वेकडे आली. पण ती काळ्या मसाल्याच्या जागी न बसता त्याच्या शेजारी बसली. वांग्याच्या भाजीत चमचाभर घरचा काळा मसाला आणि वर रंगासाठी-झणक्यासाठी पुडीतले चिमूटभर, ही तडजोड आजही चालते. याउलट पावभाजी, छोले, सांबार यांच्याबाबतीत तडजोडीला जागाच नव्हती. ज्या पदार्थाची घरात परंपरा नाही त्याचा मसाला कोणत्या सासूने सुनेला शिकवायचा? तिथे पुडीच सासू झाली, आणि पाठीमागची छापील कृती हीच परंपरा.

या सगळ्यात सर्वांत चमत्कारिक उदाहरण गुलाबजामचे. धाराशिव जिल्ह्याचा भूम परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. दूध आटवण्याच्या भट्ट्या हा तिथला जुना जोडधंदा, कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव दूरवर पोहोचलेले, आणि इथला खवा मोठ्या शहरांतल्या हलवायांकडे जातो. अशा जिल्ह्यात दिवाळीला किंवा पाहुणचाराला गुलाबजाम करायचे तर किराणा दुकानातून ‘मिक्स’ची पुडी आणली जाते. अशा तयार पिठांच्या धंद्यात १९६३ मध्ये पुण्यात गिलानी आणि तेजानी यांनी सुरू केलेल्या ‘गिट्स’चे नाव अग्रगण्य आहे. गुलाबजामचे ‘मिक्स’ म्हणजे दूध भुकटी, मैदा आणि फुगवणारा सोडा यांचे मिश्रण. पुडी आणण्याला घरच्या बाईचे अडाणीपण किंवा आळस म्हणणे सोपे आहे, आणि तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु खवा उन्हाळ्यात दिवसा-दोन दिवसांत आंबतो, त्यात ओलावा किती हे प्रत्येक वेळी बदलते, मैद्याचे प्रमाण थोडे चुकले तर गोळा तेलात फुटतो किंवा दगडासारखा होतो, आणि फुटलेल्या घाण्याचा भुर्दंड घरालाच सोसावा लागतो. पुडी सहा महिने फडताळात राहते आणि मळून, भेगा न ठेवता वळून, मंद आचेवर तळली तर फसत नाही. ज्यांच्याकडे नासाडी परवडण्याइतके दूध आणि साखर नव्हती त्यांनी खात्रीचा मार्ग पत्करला. पाक मात्र घरचाच, वेलदोडा घरचाच, आणि ‘गुलाबजाम आमच्या घरी केले’ हे वाक्यही खरेच.

तेलाचा बदल याहून मोठा, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. मराठवाड्याचे रोजचे तेल करडईचे. तेल्याच्या घाण्यावर आपली करडई नेऊन तेल आणि पेंड घरी आणण्याची पद्धत होती. १९९४ मध्ये पामतेलाच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाले, पाठोपाठ शिवारात करडईच्या जागी सोयाबीन पसरले, आणि स्वयंपाकघरात पिशवीबंद शुद्ध केलेले तेल आले. सोयाबीनचे तेल काढून उरलेल्या पेंडीपासून केलेल्या वड्याही दुकानात आल्या आणि रश्शात पडू लागल्या. सोयाबीन पिकवणारा शेतकरी आपलेच पीक तेल आणि वड्या या दोन रूपांत विकत घेतो, ही शेंगदाणा-डालड्याचीच गोष्ट दुसऱ्या पिढीत घडली.

बिस्किटाचा केक हा या परंपरेतला सर्वांत नवा आणि, कल्पकतेच्या दृष्टीने पाहिले तर, सर्वांत देखणा प्रयोग. पार्ले कंपनीचा विलेपार्ल्याचा कारखाना १९२९ चा आणि तिचे ग्लुकोज बिस्कीट १९३९ चे. चहात बुडवण्यापलीकडे त्याचा उपयोग करावा असे बराच काळ कोणाला सुचले नव्हते. भट्टी नसलेल्या घरात केक करायचा तर मैदा, साखर आणि स्निग्ध द्रव्य यांचे नेमके प्रमाण हीच अडचण असते, आणि बिस्किटात हे तिन्ही आधीच मोजून घातलेले असतात. बिस्किटे कुटून, दुधात सरबरीत भिजवून, शेवटच्या क्षणी त्यात पोटाच्या विकारावरचा इनो घालायचा; त्यातील सोडा आणि सायट्रिक आम्ल ओलावा मिळताच एकमेकांशी भिडतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे पीठ उचलून धरतात. म्हणूनच इनो घातल्यावर थांबायचे नाही. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून, कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, शिट्टी काढून ठेवलेल्या झाकणाखाली मंद आचेवर ते ठेवायचे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, बेकऱ्या बंद पडल्या आणि वाढदिवस मात्र थांबले नाहीत, तेव्हा मोबाइलवरच्या चित्रफितींमधून ही कृती वाड्या-वस्त्यांपर्यंत गेली. बिस्कीट, औषध आणि कुकर या तिन्हींपैकी एकही वस्तू केकसाठी बनलेली नव्हती.

दरम्यान पुडी उलट दिशेनेही निघाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत पुनर्वसनाच्या कामातून महिलांचे बचत गट उभे राहिले. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियानाने त्यांना बळ दिले. काळा मसाला, शेंगाची चटणी, पापड, कुरडया आणि येसूर यांच्या पुड्या हे गट बांधतात आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या ठिकाणी मराठवाड्याचा माल म्हणून तो विकला जातो. तिथला गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत स्थायिक झालेला मराठवाडी असतो तसा येसूर कधीही न चाखलेला मुंबईकरही, आणि दोघेही ती पुडी ‘घरगुती’ म्हणून घेतात. तिला घरगुती म्हणायला हरकत नाही. फक्त ते घर आता दुसऱ्याचे आहे आणि त्या घरातल्या बाईला तिच्या कामाचा मोबदला मिळतो.

पुडीचे प्रमाण एकदा छापले की ते सर्वत्र एकच होते, हा मात्र यातला तोटा आहे. येसुरात धान्य किती आणि मसाला किती, काळ्या मसाल्यात दगडफूल कधी घालायचे, मिलोचे पीठ कशात मिसळले तर भाकरी थापता येई, हे सांगू शकणाऱ्या, १९७२ पाहिलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. बेंबळी आणि परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि खुद्द बचत गटांनी ही घरोघरची प्रमाणे सांगणारीच्या नावानिशी आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत, आणि हे काम येत्या दोन-चार उन्हाळ्यांतच करावे.